अन्नाचे ऋण आणि मनाचा कौल
पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराला प्रस्तावना

१

पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ही पत्रे जमवून सांभाळली ती सिस्टर जेराल्डिन यांनी. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या अँग्लिकन मठातल्या त्या धर्मभगिनी. रमाबाई पत्रांत त्यांना लाडाने ‘आजीबाई’ म्हणत, आणि त्यांच्याशीच कडाक्याचे वाद घालत. ग्रंथाचे संपादन केले अ. भि. शहा यांनी. शहा हे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक, हमीद दलवाईंचे सहकारी, कोणत्याही धर्माची भीड न बाळगणारे इहवादी. ब्राह्मण पुराणिकाच्या घरात वाढून ख्रिस्ती झालेल्या एका बाईची पत्रे, जिच्याशी तिचे बिनसले तिने जपली आणि दोघींच्याही धर्माबाहेर उभ्या असलेल्या विचारवंताने लोकांपुढे आणली. या ग्रंथाकडे कोणत्या नजरेने पाहावे, याची पहिली खूण त्याच्या या जन्मकथेतच आहे. तो कोणत्याही एका पक्षाचा पुरावा नाही.

मराठीत रमाबाई आजवर दोन तऱ्हांनी सांगितल्या गेल्या. एका तऱ्हेत त्या धर्म सोडून हातची गेलेली विदुषी आहेत. दुसऱ्या तऱ्हेत केडगावची संत. दोन्ही कथांत बाप्तिस्मा हा निकाल असतो. पहिल्या कथेत तिथे सगळे संपते आणि दुसऱ्या कथेत तिथे सगळे सुफळ होते. पत्रे वाचू लागलो की हा हिशेब जुळत नाही. इथे बाप्तिस्म्यानंतरच खरे भांडण सुरू होते. ख्रिस्ताला मानले म्हणजे बिशपालाही मानले का? मठाने आश्रय दिला, तर मठाने सांगितलेले प्रत्येक धर्ममत खरे धरायचे का? ज्याच्या घरी जेवलो त्याच्यापुढे मन गहाण पडते का?

या शेवटच्या प्रश्नाच्या अंगाने ही पत्रे वाचावीत असे मला वाटते. धर्मस्वातंत्र्याबद्दल आपण बोलतो तेव्हा ते राजा आणि प्रजा, सरकार आणि नागरिक यांच्यातले प्रकरण समजतो. रमाबाईंच्या आयुष्यात ते आधी घराच्या आत घडले. कधी जातीने अन्नपाणी तोडले, कधी मठाने आसरा दिला, कधी देणगीदारांनी पैसा पाठवला, आणि शेवटी एक वेळ अशी आली की हजारोंना जेवू घालणाऱ्या त्या स्वतःच होत्या. श्रद्धेचे स्वातंत्र्य मिंधेपणापाशी येऊन तपासले जाते. ही तपासणी रमाबाईंनी आयुष्यभर दिली आणि अखेरीस त्यांना ती घ्यावीही लागली.

२

रमाबाईंच्या आधीच्या अर्धशतकात मुंबई इलाख्यात धर्मांतर म्हणजे काय होते, हे थोडे आठवले पाहिजे. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबई हादरली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहत होता. तो अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले. मग दुसरेच संकट उभे राहिले. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला मुलगा परत जातीत घेता येतो का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा मार्ग उचलून धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. या सगळ्या गदारोळात त्या मुलाच्या मनात काय होते, हे विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली. ताबा कोणाचा, एवढाच वाद होता.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सोडल्याबद्दल वारसा हक्क जाणार नाही असे ठरवले. पण जमिनीवरचे नाव राखता आले, तरी विहिरीवरचा हक्क कायद्याने राखता येत नव्हता. १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही ओढाताण लिहून ठेवली आहे. पुरुषाला निदान मिशनच्या शाळेत नोकरी मिळे. बाईला तेही नव्हते. तिचा धर्म तिच्या नवऱ्याच्या धर्मातच गृहीत धरलेला असे.

म्हणून रमाबाईंची घडण पाहण्यासारखी आहे. जन्म २३ एप्रिल १८५८, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना उडुपीच्या विद्वत्सभेपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. हे कुटुंब पुराण सांगत देशभर फिरले आणि १८७४ नंतरच्या दुष्काळात उपासमारीने मोडले. वडील, आई, थोरली बहीण, एकामागून एक गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला सुचवले. म्हणजे धर्माने ज्याला स्त्रीचा हात लागू नये असे सांगितले, तेच वाचून पाहण्याची मुभा एका सुधारकाने दिली.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली कायस्थ वकिलाशी नोंदणी विवाह केला. तेव्हाच्या विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताही धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. तिच्या ‘धर्मांतरा’ची तारीख १८८३ मानली जाते, पण वारशाने आलेला धर्म तिने त्याआधीच सोडला होता, आणि तो कोणा मिशनऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. चोवीस वर्षांची विधवा, कडेवर मुलगी, जातीचा आधार नाही, माहेर नाही. त्या अवस्थेत ती पुण्याला आली, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टरांची मागणी केली.

३

वाँटेजच्या मठाची शाखा पुण्यात होती. तिथल्या ओळखीतून १८८३ साली रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. जाताना त्यांनी एक गोष्ट पक्की केली होती: मठात राहायचे, पण हिंदुस्थानात येऊ घातलेल्या धर्मभगिनींना मराठी शिकवून. आश्रय हवा होता, उपकार नको होते. डॉक्टर होण्याचा विचार होता. पण कानांनी दगा दिला आणि ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला.

त्या वर्षी वाँटेजला दोन घटना घडल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. आणि २९ सप्टेंबरला रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या दोहोंचा संबंध काय, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या साक्षीत रमाबाईंनी कारण दिले ते वेगळे. लंडनच्या फुलम भागात मठाच्या भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळत. ज्या बाईला आपल्याकडे उंबऱ्याबाहेर काढले असते, तिची इथे शुश्रूषा होताना त्यांनी पाहिली, आणि हे का करता असे विचारल्यावर बायबलमधली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. पुस्तकातला ख्रिस्त त्यांना आधी भेटला होता. पटला तो इथे.

पुण्यात या बातमीने खळबळ माजली. वर्तमानपत्रांनी कृतघ्नतेचा सूर लावला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. फुले ख्रिस्ती नव्हते आणि होणारही नव्हते. पण शास्त्रे वाचून, ताडून पाहून एका बाईने स्वतःचा निर्णय केला, यातले मोल त्यांना कळले. धर्मस्वातंत्र्याचा खरा कैवारी कोण, हे अशा वेळी कळते. आपल्याकडे येणाऱ्याचे स्वागत सगळेच करतात.

पत्रसंग्रहातला सर्वांत धारदार भाग इथून पुढचा, १८८४ ते १८८६ चा. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्याकडे तरुण पुरुषांना शिकवण्याचे काम सोपवण्याचा विचार केला, तेव्हा मुंबई आणि लाहोरचे बिशप आडवे आले. हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिचा प्रभाव नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी दिलेल्या उत्तरात राग आहे आणि नवलही आहे. ज्या देशात आपण विद्वानांच्या भरसभांतून बोललो, त्या देशाच्या नावाने इंग्रज धर्माधिकारी आपल्याला पडदा शिकवतात, हे त्यांना उमजेना. ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेल्या बाईने दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मुकाट्याने घ्यावे, हे त्यांनी स्वच्छ नाकारले. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि देवाने दिलेली ही देणगी कोणाच्या स्वाधीन करण्यासाठी नाही, हे त्या पुन्हा पुन्हा लिहितात.

वाद तेवढ्यावर थांबला नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना शास्त्रवचनात सापडेना, आणि जे सापडत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ती पंथांची संख्या पाहून यांतला खरा कोणता, असे त्या सरळ विचारतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, हाही प्रश्न विचारतात. शाकाहार सोडायला त्यांनी नकार दिला; अंडे घातलेला गोड पदार्थही चालेना. सिस्टर जेराल्डिनना यात जातीचा उरलेला ताठा दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने हे पाप नव्हते, आपल्या लोकांची राहणी होती, आणि ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज व्हावे लागते हे त्यांना मान्य नव्हते. साम्राज्याच्या ऐन भरात, मठाच्या आसऱ्याला राहून, एक हिंदी विधवा हे लिहीत होती.

सिस्टर जेराल्डिनची बाजूही वाचकाने नीट वाचावी. त्यांचे प्रेम खरे होते. नवदीक्षित स्त्रीला त्या धर्मकन्या मानत होत्या, आणि लेकीने आईचे ऐकावे ही अपेक्षा त्यांच्या जगात स्वाभाविक होती. त्यांना दिसला तो अहंकार आणि उपकारांचा विसर. डोरोथिया बील यांचा सूर वेगळा आहे. शंका दडपल्याने श्रद्धा बळकट होत नाही, रमाबाईंना त्यांच्या वाटेने शोधू द्यावे, असे त्या जेराल्डिनना समजावतात. एकाच चर्चमधल्या दोन इंग्रज स्त्रिया एकाच व्यक्तीबद्दल इतक्या वेगळ्या तऱ्हेने विचार करतात, हे पाहिले की ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ ही सोपी मांडणी गळून पडते.

याच वादात एक धागा आहे, तो पुढे लागणार आहे म्हणून इथेच दाखवतो. मनोरमेला कोणते धर्ममत शिकवायचे? मठ म्हणे, बाप्तिस्मा चर्चच्या विश्वासात झाला, तोच शिकवला पाहिजे. रमाबाई म्हणत, मी आई आहे, मी ठरवीन. आपल्याला ही बाजू लगेच पटते. पण त्या चार-पाच वर्षांच्या मुलीच्या मनाचा कौल तूर्त कोणाच्याच गणतीत नाही.

४

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच जवळपास तीन वर्षे राहिल्या. १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ प्रसिद्ध झाले. हिंदू स्त्रीच्या गरजा त्यांनी त्यात तीन सांगितल्या: स्वावलंबन, शिक्षण आणि देशी स्त्री शिक्षिका. धर्मांतर या यादीत नाही. ख्रिस्ती झालेल्या आणि ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेने स्वावलंबन सर्वांत आधी घालावे, यामागे वाँटेजचा अनुभव आहे असे मला वाटते. ज्या बाईला स्वतःचे पोट भरता येते, तिलाच ‘नाही’ म्हणता येते.

त्या पुस्तकाच्या आणि व्याख्यानांच्या बळावर बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभे राहिले. दहा वर्षे पैसा पुरवायचा आणि विधवागृहात धर्मप्रचार करायचा नाही, असा करार झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सल्लागारांत रानडे, भांडारकर, तेलंग अशी माणसे होती. मुली आपापले सोवळेओवळे पाळत, व्रते करत. मिशनरी मंडळींना हे रुचेना. ख्रिस्ती बाई चालवते त्या घरात ख्रिस्ताचे नाव नाही, हे कसले काम, अशी त्यांची तक्रार. दुसऱ्या बाजूने लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ नजर ठेवून होता.

रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते आणि हाकलूनही दिले नाही. १८९३ साली यावर वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. बोस्टनच्या संस्थेने मात्र रमाबाईंवरचा विश्वास काढून घेतला नाही.

या प्रकरणात टिळकांच्या पक्षाचा आक्षेप पोरकट नव्हता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. राज्यकर्त्यांचा धर्म, परदेशी पैसा, आणि जिला जायला दुसरी जागा नाही अशी कोवळी विधवा. अशा ठिकाणी उघडे दारही खुणावणारे असते. ज्या बाईंच्या हातचे खायचे, त्यांच्या प्रार्थनेला बसावेसे वाटण्यात श्रद्धा किती आणि कृतज्ञता किती, हे त्या मुलीलाही सांगता आले नसते. पण मग हाच प्रश्न सासरच्या घरालाही विचारावा लागतो. केशवपन, एकभुक्त राहणे, आलवण, हे तिने कोणाच्या मनाच्या कौलाने स्वीकारले होते? शारदा सदनातल्या विधवेच्या स्वातंत्र्याची काळजी वाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाड्यातल्या माजघरात बसलेल्या विधवेला तिचे मत विचारले होते.

रमाबाईंची भूमिका दोन वाक्यांत सांगता येते. माझा धर्म मी लपवणार नाही, आणि तुमचा मोडायला लावणार नाही. ती कितपत खरी होती याचा एक जिता दाखला आहे. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई हिंदूच राहिल्या. १८९३ सालीच त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे म्हणून त्यांनी पुढे कर्व्यांच्या कामाला आयुष्यभर साथ दिली. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची उभारणी सुरू केली, तिच्यामागे शारदा सदनाचा अनुभव आणि त्या सदनाबद्दलची समाजाची धास्ती, दोन्ही होते.

५

दहा वर्षांचा करार संपत आला तोवर सगळेच बदलले होते. १८९१ च्या सुमारास रमाबाईंना जो आध्यात्मिक अनुभव आला, त्यानंतर त्यांच्या शंकांचा काळ सरला. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आता मिळाला, असे त्या म्हणू लागल्या. मध्य प्रांतातल्या १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः छावण्यांतून हिंडल्या. आईबाप आणि बहीण ज्या भुकेने नेली ती त्यांनी पुन्हा पाहिली आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. शेती, विणकाम, शिवण, छापखाना, सगळे बायकांच्या हाती.

मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होते. तिथे तटस्थतेचा करार नव्हता. मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. १९०५ साली जे आध्यात्मिक संजीवन झाले त्याची कीर्ती जगभर गेली. आणि इथे या पत्रांचा वाचक अडखळतो, अडखळायलाच हवा. अन्न, छप्पर, अक्षर, माया, प्रार्थना, सगळे एकाच हातून मिळते तेव्हा दुष्काळातून आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला ‘मला हे पटत नाही’ म्हणायची जागा कुठे होती? वाँटेजच्या तरुण रमाबाईंनी केडगावच्या रमाबाईंना हाच प्रश्न विचारला असता.

याचे उत्तर सरळ होकारार्थी किंवा नकारार्थी देता येत नाही. जबरदस्तीने श्रद्धा निर्माण होत नाही, असे रमाबाई शेवटपर्यंत मानत होत्या. त्यांच्या हयातीत मुक्ती कोणत्याही एका चर्चच्या अधिकाराखाली गेले नाही, बिशपाचा अंमल त्यांनी तिथेही येऊ दिला नाही. मुलींच्या हातात त्यांनी कसब दिले, अक्षर दिले. म्हणजे उद्या संस्था सोडून स्वतःच्या पायावर उभे राहायची सोय दिली. मिंधेपणातून सुटण्याची किल्लीही त्यांनीच दिली, पण ती देईपर्यंत घराचा धर्म ठरलेला होता. हा ताण रमाबाईंनी सोडवला नाही. कदाचित कोणत्याही पालकाला, कोणत्याही आश्रमाला तो पुरता सोडवता येत नसेल. चरित्रकारांनी तो झाकला आणि टीकाकारांनी तेवढाच दाखवला.

या काळातल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या कामातही हाच हट्ट दिसतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्या बाईला वाचता यावे म्हणून. पुरोहिताने अर्थ सांगावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, ही गरजच उरू नये. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडेच आधी भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते.

६

राज्यसत्तेशी रमाबाईंचे नाते काय होते, हेही पाहायला हवे; कारण ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांच्या बाजूचा हा समज तेव्हाही होता. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात नाव घालून लिहिले. सदनातल्या मुलीच्या बाबतीत प्लेगच्या इस्पितळात काय झाले ते सांगितले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप झटकले, पण प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. ‘केसरी’ आणि रमाबाई एकमेकांना पाण्यात पाहत असताना, सरकारच्या त्या जुलमाबद्दल दोघांचे म्हणणे एकच होते. १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले, हेही खरे. त्यांच्या निष्ठेची सरळ रेघ काढू पाहणाऱ्याची इथेही पंचाईत होते.

त्याच पिढीतले दुसरे घर शेजारी ठेवून पाहावे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. दुरावा, माहेरचे दडपण, मुलाची ओढ, मग नवऱ्याबरोबर एका घरात राहून आपला धर्म आणि आपली चूल वेगळी ठेवणे, असे करत त्यांनी पाच वर्षे काढली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ हसतखेळत वाचताना आपण विसरतो की ही एका बाईने आपला निर्णय नवऱ्याच्याही हाती न दिल्याची हकीकत आहे. पुढे टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. भजन, कीर्तन, अभंग या देशी वाटेने ख्रिस्ताकडे जाण्यासाठी त्यांना मिशनच्या पगाराचे बंधन नको होते. पुन्हा तोच प्रश्न: अन्न कोणाचे आणि वाणी कोणाची.

७

हा ग्रंथ निघाला त्याच १९७७ सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकाल दिला. ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेले धर्मांतरविषयक कायदे न्यायालयाने वैध ठरवले. घटनेच्या २५ व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सांगितले. तेव्हापासून आपला सगळा वाद धर्मांतर करणाऱ्याभोवती फिरतो आहे. त्याने आमिष दाखवले का, बळ वापरले का, परदेशातून पैसा आला का? धर्म बदलणारा माणूस या वादात साक्षीदार असतो किंवा बळी. विचार करणारा, ताडून पाहणारा, कधी परत फिरणारा, कधी दोन्हीकडच्यांना नकार देणारा माणूस त्यात क्वचित दिसतो. हिमाचल प्रदेशच्या २००६ च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना आधी कळवावे अशी अट होती. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ साली ती रद्द केली. मनातला विश्वास सरकारदरबारी जाहीर करायला लावता येणार नाही, असा त्यामागचा विचार. अशी निरीक्षणे मोजकीच आहेत.

दडपण केवळ बंदीचे नसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. नगर-जालन्याकडच्या कितीतरी कुटुंबांना उपासना एक आणि दाखल्यावरचा धर्म दुसरा, असे जगावे लागते. तरुण रमाबाईंना जात पाणी तोडून जे सांगत होती, तेच इथे सवलत तोडून सांगितले जाते. आणि चर्चमध्येही जातीच्या रांगा आहेत, मंडळीतल्या मतभेदावर बहिष्काराचा बडगा आहे, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून ही पत्रे हाती घेणाऱ्याला एक सुचवणी करतो. रमाबाई बरोबर होत्या की चूक, हा निकाल लावायची घाई करू नये. प्रत्येक पत्रापाशी थांबून पाहावे की या घडीला कोण कोणाच्या घरात राहतो आहे, कोण कोणाला जेवू घालतो आहे, आणि त्या घरात नकार देण्याची मुभा कोणाला आहे. वाँटेजला, पुण्याला, केडगावला उत्तरे वेगवेगळी येतील; काही रमाबाईंच्या बाजूची असतील, काही त्यांच्याविरुद्ध जातील. ज्याला धर्मस्वातंत्र्य हवे आहे त्याने ते सरकारकडून मिळवावेच. पण ते आपल्यापाशी खरोखर आहे का, हे आपल्या अन्नावर जगणाऱ्या माणसाने आपल्याशी असहमत होऊन पाहिल्यावरच कळते.